चाक्याचं चाक

माघ लागला की माझ्या घरासमोरून कडब्याच्या गाड्या जायला लागतात. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता ट्रक असतात. पण रचायची तऱ्हा तीच, ओझं दोन्ही अंगांनी बाहेर ओसंडलेलं. गाडी गेली की रस्त्यावर दोन-चार पाती पडून राहतात आणि मागं वास राहतो. उन्हात तापलेल्या ताटांचा, किंचित गोड, धुळीत मुरलेला. सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला हा वास कशाचा ते सांगावं लागत नाही. ज्वारीची सुगी आली.

मला तो वास दर वर्षी एकाच सुगीकडं ओढून नेतो. इंग्रजी अमलातली, एकोणीसशे तीसनंतरच्या सालांतली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि गिरणीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. माझे यजमान गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत. ती सवय अजून मोडली नाही, म्हणून इथंही मी त्यांना 'हे'च म्हणणार. तिसरे माझे सासरे, तात्या. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. तात्यांनी उभा जन्म गिरणीच्या बॉयलरपुढं काढला होता. आगीनं म्हणा, वयानं म्हणा, त्यांचा एक डोळा पुरता गेला होता आणि दुसऱ्यावर साय धरली होती. माणूस समोर आला की आकार कळायचा, तोंड कळायचं नाही. दिवसभर ते ओट्यावर बसून लोकर कातायचे. धनगराचा हात. गाव सुटलं, मेंढरं सुटली, लोकर सुटली नव्हती.

सासरचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, माण नदीच्या अंगाला. लग्न तिथंच लागलं. वरात दारात आली तेव्हा एका म्हातारीनं माझी हनुवटी वर केली आणि विचारलं, "ही व्हय चाक्याची सून?" भोवतालच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, घराण्याचं नाव असेल. पुढं कळलं की 'चाक्या' हे माझ्या सासऱ्यांना गावानं ठेवलेलं नाव आहे. त्या गावात कुणी थाप मारली की ऐकणारा म्हणायचा, "घे चाक्याची शपत."

गोष्ट मला तात्यांनीच सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत, असाच कडब्याचा वास दारापर्यंत आलेला असताना.

"सुगीच हुती तवा बी," ते म्हणाले. "समदं गाव रानात, जुंदळा काडाया. मी आसंन चौदा वर्सांचा. मेंढरं घिऊन सडंकंच्या कडंला हुतो. सकाळचं ऊन, आजून कवळं. आन् मंगळवेड्याकडनं एक चाक आलं, सूनबाई. माज्या गळ्याएवडं चाक. आन् त्या चाकावर मानूस बसल्याला. घोडा न्हाय, बैल न्हाय, आवाज न्हाय. चाकाच्या आत काय बी न्हवतं. आरं न्हाईत, कायच न्हाय. नुस्ता उजेड फिरत हुता."

एवढं सांगून ते थांबायचे. नेहमी तिथंच थांबायचे. 'नुस्ता उजेड' म्हणताना त्यांचा कातता हात थबकायचा आणि साय धरलेला डोळा ओट्यापलीकडं कुठंतरी लागायचा. पुढचं सांगायला त्यांना आवडत नसे, पण ते मला यांच्याकडून कळलं. त्या चाकाला बघून मेंढरं उधळली. सात मेंढरं ओढ्याच्या दरडीवरून खाली पडून मेली. तात्यांच्या वडिलांनी विचारलं, झोपला होतास का? तात्यांनी खरं काय ते सांगितलं. मार बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा मार. तिसऱ्या दिवशी वडीलच जरा नरमले. म्हणाले, "खोटं बोललो म्हन. तेवडं म्हन आन् भाकरीवर बस."

तात्या ते म्हणाले नाहीत. चौथ्या दिवशी घोंगडं खांद्यावर टाकून ते चालत सोलापूरला आले, ते कायमचेच. मेंढरं आणि रान थोरल्या भावाकडं राहिलं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. वडील वारले तेव्हा तात्या गेले, पुतण्यांच्या लग्नांना गेले, आमचं लग्नही गावीच लावलं. पण गेले ते पाहुण्यासारखे. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिळालं असतं. मला अजूनही कधी कधी भाकरी थापताना ते वाक्य आठवतं आणि वाटतं, मी बोलून टाकलं असतं. चौदा वर्षांची, उपाशी, मार खाल्लेली मी, नक्की बोलून टाकलं असतं.

पुढं सायकली आल्या. सोलापुरात वकील, डॉक्टर, कारकून सायकलवर दिसायला लागले, मग एखादी गावाकडंही गेली. तेव्हा गावातले लोक म्हणाले, बरं बाबा, चाक्यानं सायकल बघितली असंल. तात्यांनी तिथं मान डोलावली असती तर तो विषय तेव्हाच मिटला असता. पण ते म्हणाले, "ती ही न्हवं. हिला दोन सारकी चाकं. त्येला येकच, मानसाएवडं." लोक आणखीच हसले. यांनाही ते पटत नव्हतं. हे स्वभावानं शांत, बापावर जीव टाकणारे, पण लोखंडाच्या बाबतीत त्यांचं मत ठाम. मला म्हणायचे, "तात्या खोटारडे नाहीत. पण पोरवयात उन्हात काहीतरी बघितलं आणि धरून बसले. असलं यंत्र उभंच राहणार नाही. बसणारा तोंडावर पडेल." मी ऐकून घ्यायची. मी तरी कुठं खरं मानत होते? सासरे प्रेमळ आहेत, त्यांच्या मनात एक चाक आहे, राहू दे, असं माझं होतं.

त्या वर्षी, म्हणजे लग्नानंतरच्या दुसऱ्या सुगीत, मी दुपारचा डबा गिरणीच्या फाटकावर देऊन स्टेशनच्या अंगानं परत येत होते. तिथं कासिमभाईंचा मोडीचा अड्डा होता. गिरण्यांची, रेल्वेची, जुन्या बंगल्यांची मोड तिथं येऊन पडायची आणि वॅगन भरून मुंबईच्या भट्ट्यांना जायची. लोखंडी पलंग, फुटकी घमेली, गंजलेल्या साखळ्या यांचा ढीग माणसापेक्षा उंच. रोज त्याच्या कडेनं जायची, कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी घणाचा आवाज येत होता म्हणून मान वळली.

एक माणूस ढिगातून काहीतरी ओढून काढत होता. गोल कड दिसली. मला वाटलं, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव असेल. त्यानं हिसका दिला आणि ते उभं राहिलं. उभं राहिलं ते त्याच्या छातीच्या वर आलं. त्याला आरे नव्हते. केसासारख्या बारीक तारा होत्या, असंख्य, मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत ताणलेल्या, काही तुटून लोंबणाऱ्या. बाराचं ऊन त्यांच्यातून आरपार गेलं आणि क्षणभर मला तारा दिसेनाशा झाल्या. कड तेवढी दिसत होती. आत नुसता उजेड.

माझ्या अंगावर काटा आला. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही येतो. एखाद्यानं सांगितलेलं स्वप्न रस्त्यात समोर उभं राहावं, तसं झालं. आणि त्या माणसानं घण उचलला.

"थांबा!" मी ओरडले. परक्या पुरुषावर भर रस्त्यात ओरडायची ती माझी पहिलीच वेळ.

कासिमभाई खाटेवरून उठून आले. पांढरी दाढी, कानावर विडी. "क्या हुआ बेटी? लगा क्या?"

"ते फोडू नका. ते चाक आमचं आहे."

"तुमारा? ये तो जुने बंगले के तबेले में से आया. साहब लोगां का माल. शाम कू वॅगन भरना है."

"माझ्या सासऱ्यांनी हे बघितलंय," मी म्हणाले. "यावर माणूस बसून जाताना बघितलंय. पन्नास वर्षं झाली. कुणी खरं मानत नाही. मीही मानलं नाही."

कासिमभाईंनी चाकाकडं पाहिलं. मग वर, जिथं बसणाऱ्याचं डोकं आलं असतं, तिथं पाहिलं. "इसके उप्पर आदमी?" ते हळूच म्हणाले. "या अल्ला. घोडे से उंचा."

पण धंदा तो धंदा. लोखंड वजनावर गेलेलं होतं. फुकट देता येत नव्हतं. मी घरी पळत गेले आणि माहेरहून आलेली तांब्याची घागर घेऊन आले. तात्या ओट्यावर होते, पावलं ओळखून म्हणाले, "एवडी घाई कसली?" मी तशीच पुढं पळाले.

घागर बघून कासिमभाईंनी कपाळाला हात लावला. "लोहे के बदले तांबा? घर में पूछी?"

"नाही."

"अच्छा," ते म्हणाले, आणि घागर बाजूला ठेवून त्यांनी घणवाल्याला कामाला लावलं. ढीग उपसून त्यानं वाकवलेला लांब दांडा काढला, मिशीसारख्या वळणाच्या मुठी काढल्या. मागचं लहान चाक होतं म्हणे, पण ते सापडलं नाही. सगळं हातगाडीवर घातलं आणि कासिमभाईंनी स्वतः गाडी चाळीपर्यंत लोटत आणली. वाटेत एकदाच बोलले. "तेरे ससुर कू मेरा सलाम बोल. पचास बरस एकीच बात बोलना, खेल नहीं."

चाळीत बायका दुपारच्या पारी धुणी वाळत घालत होत्या. शेजारची नरसम्मा विणकरीण 'अय्यो' म्हणत हातातलं लुगडं तसंच घेऊन आली. मी चाक ओट्याला टेकवून उभं केलं, तात्यांचा हात धरला आणि कडेवर ठेवला.

आधी त्यांना कळलं नाही. म्हणाले, "गाडीचं चाक?" हात वर सरकत गेला. आणखी वर. बसल्या जागेवरून हात पुरेना तेव्हा ते चाचपडत उठले. चाकाच्या माथ्यावर हात पोचला तेव्हा त्यांची बोटं आपोआप स्वतःच्या गळ्याकडं आली आणि पुन्हा चाकाकडं गेली. उंची मोजली. मग हात कडेवरून आत घसरला आणि तारांना लागला. एक तार बोटाला लागली, छेडल्यासारखी वाजली. दुसरी. तिसरी.

"तारा," ते म्हणाले. अगदी हळू. "तारा हायत व्हय. म्हनून दिसत न्हवत्या." मग पुन्हा, जणू माझ्याशी नाही, त्या चौदा वर्षांच्या मुलाशी बोलावं तसं, "आरं, तारा हुत्या!"

माणसाला चमत्काराचं कारण कळलं की चमत्कार संपतो, असं म्हणतात. मी त्या दिवशी उलटं पाहिलं. तारा हाताला लागल्या आणि तात्यांचा चेहरा असा उजळला की ते चाक त्यांच्यासाठी आणखी मोठं झालं असावं. एवढ्याशा तारांवर अख्खा माणूस पेलला जातो! कुणी केलं असेल? कुणाला सुचलं असेल? संध्याकाळपर्यंत ते एकेक तार चाचपत हेच पुटपुटत होते.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला. हे आले. दारातच थांबले. चाकाभोवती एक फेरी घातली, दांडा उचलून चाकावर कसा बसतो ते नजरेनं जोखलं, तुंब्याला लावलेल्या, पाय मारायच्या पायट्यांना हात लावला. घागरीचं मी आधीच सांगून टाकलं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून हे तात्यांसमोर उकिडवे बसले. 

"तात्या, मी म्हणायचो, असलं यंत्र उभं राहणार नाही..."

"ते ऱ्हाऊं दे," तात्या म्हणाले. "चालतंय का बग."

मग तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पाच-सहा गोष्टी एकदम चाललेल्या. तुंबा गंजून धरला होता, तो घासलेटात बुडवून ठेवला. तुटलेल्या तारांच्या जागी यांनी नव्या तारा काढून ताणल्या, तात्या कान लावून बसायचे आणि तार छेडून सांगायचे, "ही सैल हाय. हिचा आवाज उतरलाय." डोळ्यांनी जे यांना दिसत नव्हतं ते त्यांना ऐकू यायचं. कडेवरचं रबर केव्हाच झडून गेलेलं, म्हणून गिरणीच्या यंत्रांवरचा जुना सुती दोर आणून घट्ट गुंडाळला, वर डांबर फासलं. मागच्या लहान चाकाच्या जागी ढकलगाडीचं चाक बसलं. खोगीर तात्यांनी शिवलं, चामड्याचं, आत लोकर भरून. मी खोबरेल तेलानं मुठी पुसल्या. घर सगळं तेलाचं, डांबराचं आणि घासलेटाचं. आणि त्यातून रस्त्यावरच्या कडब्याचा वास. बाप आणि मुलगा एका चाकाच्या दोन अंगांना बसून काम करतायत, हे त्या चाळीनं पहिल्यांदा पाहिलं. मीही.

किल्ल्याबाहेरच्या मैदानात यांनी पहिल्यांदा चढून पाहिलं आणि बोलल्याप्रमाणं तोंडावर पडले. दुसऱ्यांदा पडले. चढायला मागच्या दांड्यावर एक लहानशी पायरी होती, ती कशासाठी ते तिसऱ्या दिवशी कळलं. चाक चालतं करून मागून पळायचं, पायरीवर पाय देऊन वर जायचं, आणि घाबरायचं नाही. चौथ्या दिवशी हे वर राहिले. मी खाली उभी. माझा नवरा माझ्या डोक्याच्या किती तरी वरून, किल्ल्याच्या बुरुजासमोरून सरकत गेला आणि त्याच्या खाली चाक असं नव्हतंच. मला हसू आलं आणि रडू आलं. मैदानात चरणारी गाढवंसुद्धा माना वर करून बघत होती.

"आता गावी," तात्या म्हणाले. त्यांनी ते इतक्या शांतपणे म्हटलं की तीन आठवडे त्यांनी हेच एक मनात धरलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

सर्व्हिस मोटारीच्या टपावर चाक बांधलं. ड्रायव्हर कुरकुरत होता, पण उतारू सगळे त्याच्याच बाजूनं बोलायला लागले, म्हणजे चाकाच्या. भीमेला पाणी कमी होतं. आम्ही उतरून पात्रातून चाललो, मोटार रिकामी करून पलीकडं काढली. टपावर ते चाक वाऱ्यानं सावकाश फिरत होतं आणि खाली पाण्यात त्याची सावली फिरत होती. दोन्ही अंगांना काळी रानं, पिवळी पडलेली ज्वारी, मधूनच करडईची केशरी फुलं. तात्यांना यातलं काही दिसत नव्हतं. ते वासावरून गाव किती जवळ आलं ते सांगत होते.

कुणी कुणी मला विचारतं, त्या चाकाचं पुढं काय झालं? ते गावीच राहिलं. आबांच्या नातवाच्या गोठ्यात अजून आहे. दोर उंदरांनी खाल्ला, खोगीर कुत्र्यानं नेलं. मागं मी गेले तेव्हा त्याला एक खोंड बांधलेला होता आणि तो तारांना अंग घासत होता. मला वाईट वाटलं नाही. ज्या कामासाठी ते मोडीतून बाहेर आलं होतं ते काम एका सकाळीच झालं होतं.

ती सकाळ अशी. गावाबाहेर खळी लागलेली. एकीकडं मळणी, एकीकडं वारं देणं. धान्याची धार खाली, भुसा उडून बाजूला. सगळं गाव तिथंच. तात्यांना मी आबांच्या खळ्याच्या कडेला घोंगड्यावर बसवलं होतं. आबा शेजारी बसलेले. थोरले ते, पण अजून ताठ. तात्यांशी ते कधी फार बोलत नसत. चाक घेऊन हे सडकेच्या वळणापलीकडं गेले होते.

आणि चाक आलं. वळणावरून, कोवळ्या उन्हातून, अलगद. पहिल्यांदा बैल थांबले. मग वारं देणाऱ्या बायकांचे हात सुपासकट वरच राहिले. एकीनं मला घट्ट धरलं. सडकेच्या कडेला आबांच्या नातवांची मेंढरं चरत होती. त्यांनी एकदा पाहिलं आणि मग पांढरा-काळा लोंढा माळावर फुटला. कुत्री भुंकायची विसरली. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. खळ्यावर एवढी माणसं, पण श्वासाचा आवाज तेवढा होता, आणि डांबरलेल्या दोराचा मातीवरचा हलका सरसराट.

"आलं?" तात्यांनी विचारलं.

"आलं, तात्या," मी म्हणाले. "सगळे बघतायत."

हे उतरले तेव्हा पोरं धावत सुटली. माणसं भोवती गोळा झाली, हात लावून बघायला लागली. मला वाटलं, संपलं. पन्नास वर्षांचं हसणं आज संपलं. तेवढ्यात गावातला एक जण, तात्यांच्याच वयाचा, तारेवर टिचकी मारून म्हणाला, "झ्याक हाय. पर ह्यो दोर तर नवा दिसतोय. तारा बी नव्या. ल्योक फिटर हाय न्हवं चाक्याचा? बापाच्या थापंसाटनं चाक बनवून आनलं!"

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. हसणं पसरायला वेळ लागत नाही. हे काहीतरी ओरडून सांगत होते, मोडीचं, बंगल्याचं, कासिमभाईंचं. पण शहरातली साक्ष गावात कुणाच्या कामाची? मी तात्यांकडं पाहिलं. ते रागावले नव्हते. त्यांनी मान किंचित खाली घातली होती, वर्षानुवर्षं घालत आले असतील तशी.  चाक आणूनही काही झालं नव्हतं. वस्तू समोर उभी केली तरी माणसाचा शब्द खरा होत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याला दुसऱ्या माणसाचाच शब्द लागतो.

"बनवल्यालं न्हाय ते."

आबा उभे राहिले होते. काठी त्यांच्या हातातून पडली ती त्यांनी उचलली नाही.

"ह्येच हुतं," ते म्हणाले. "मी बगितलंय. त्या दिवशी."

खळ्यावरचं हसणं जिथल्या तिथं विरलं.

"माज्या वाट्याची मेंढरं बी मी ह्या धाकट्यावर टाकली हुती," आबा कुणाकडंच न बघता बोलत होते. "बोरं खाया टेकावर गेलतो. तितनं बगितलं. घरी आलो तवा बा ह्येला मारत हुता. मी बगितलं म्हनलो आसतो तर मेंढरं सोडून टेकावर का गेलास, त्येचा मार मला. भ्यालो. उद्या सांगू म्हनलो. चार दिसांनी ह्यो निगून गेला. मग कुनाला सांगू? आन् कसं सांगू?" तात्यांना नावानं हाक मारत ते त्यांच्याकडं वळले. "बिराप्पा, तू खरं बोलत हुतास. मला ठावं हुतं."

हे पुढं झाले. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आबा, पन्नास वर्षं! एक शब्द..."

तात्यांनी हात वर केला. हे थांबले.

मला वाटलं, आता तात्या काय बोलतील ते ऐकवणार नाही. गेलेलं रान, गेलेलं घर, वडिलांचं तोंड, ते नाव. सगळं त्या एका न बोललेल्या शब्दापायी गेलेलं. ते चाचपडत उठले, आवाजाच्या रोखानं भावाजवळ गेले आणि त्यांचा दंड धरला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तो राग नव्हता. एवढ्या मोठ्या मुलखात ते एकटेच होते ज्यांनी ती गोष्ट पाहिली होती, आणि आता ते एकटे नव्हते.

"टेकावर हुतास?" ते म्हणाले. "म्हंजी तू वरनं बगितलंस? कसं दिसलं रं वरनं?"

आबांनी मान वर केली. "कसं म्हंजी..."

"सांग की. मी खालनं बगितलं. मला पुडं मेंढरं उदळली, धूळ उटली, कायच दिसलं न्हाय. तुला समदं दिसलं आसंल. सांग."

मग आबा खाली बसले, तात्या त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. भोवती गाव उभं.

"त्यो मानूस," आबा चाचरत म्हणाले, "तुज्याजवळनं गेला, तवा त्येनं टोपी काडली. पांडरी टोपी हुती. तुला बगून काडली."

"मला?"

"तुलाच. दुसरं कोन हुतं तितं? आन् तू बी हात वर केलास. दोनी हात. आन् हसत हुतास, बिराप्पा. एवडा हसत हुतास, टेकावर आयकू आलं मला."

"मी हसलो?" तात्यांनी विचारलं. "आटवत न्हाय."

"हसलास. मग त्यो लांब गेला. नदीच्या वाटंला लागला. मी दिसंल तोवर बगत हुतो. लई येळ दिसत हुता. पानी लागलं तवा त्यो उतरला आन् चाक खांद्याला टेकवून उबा ऱ्हायला. येकटाच. पान्याकडं बगत."

तात्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांनी भावाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आणखी जवळ सरकले.

"आजून सांग," ते म्हणाले.